सोनारची नोंद: कार्ड नंतर, आधी वेळ, भरती आणि वायर

प्रश्न असा आहे. रत्नागिरीकडची पंचेचाळीस फुटी लाकडी ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढणारी बोट; वडील स्वतः तांडेल, बोटीचे प्रमुख. गेल्या हंगामात नऊ इंची स्क्रीनचा प्लॉटर (जीपीएसची जागा नकाशावर दाखवणारं यंत्र) बसवला, त्यातच फिशफाइंडर, म्हणजे आवाज पाठवून खोली आणि मासे दाखवणारा सोनार आहे. मुलाने हंगामभर सोनारचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं. आता कार्ड भरलंय आणि काही फाइली उघडतच नाहीत. ज्या उघडतात त्यांवरून केलेल्या नकाशात एकच खडक दोन जागी दिसतो, आणि खोली वडील सांगतात त्याच्याशी जुळत नाही. वडील म्हणतात यंत्रात खोट आहे. मुलगा विचारतो, कार्ड कोणतं घेऊ आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरू?

दोन्हींची उत्तरं खाली देतो, पण त्यांनी अडचण सुटणार नाही. कार्ड मोठं घेतलं तरी ते असंच भरेल, आणि सॉफ्टवेअर बदललं तरी खडक दोन जागीच दिसेल. खरा प्रश्न वेगळा आहे. स्क्रीनवर ३८.४ असा आकडा येतो, तो कुठून मोजलेला, किती वाजताचा, पाणी चढतं असतानाचा की उतरतं असतानाचा, आणि बोटीच्या कुठल्या भागाखालचा? हे त्या आकड्याबरोबर नोंदलं जात नसेल, तर हंगामभराची फाइल म्हणजे नुसते आकडे.

मी बोटींवर इको साउंडर, प्लॉटर, जीपीएस बसवायचं काम करतो, आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोटवाल्यांच्या नोंदी साफ करून नकाशे लावून देतो. त्यावरून सांगतो, तुमचे वडीलही बरोबर असतील आणि यंत्रही. दोघं वेगवेगळ्या जागेवरून मोजतायत, एवढंच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तळाचा नकाशा ट्रॉलला जेवढा लागतो तेवढा पापलेटच्या वाहत्या जाळ्याला लागत नाही. गळाने घोळ, तांबोशी, हेकरू धरणाऱ्याला खडकाची कड अगदी मीटरात हवी असते. ट्रॉलवाल्याने तोच खडक शंभर मीटरने टाळला तरी त्याचं काम होतं. खाडीच्या तोंडातून रोज ये-जा करणाऱ्याला भरतीचा हिशेब सोडून चालत नाही. पन्नास मीटर पाण्यात दीड मीटर इकडेतिकडे झालं तर जाळ्याला फरक पडत नाही. यंत्राच्या कंपनीप्रमाणे मेनूतली नावंही बदलतात. मी इथे २० ते ६० मीटर पाण्यात ओढणारी ट्रॉलर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

आधी साठवायचं काय ते ठरवू. प्लॉटर तीन प्रकारच्या गोष्टी साठवतो. एक, तुम्ही हाताने मारलेले पॉइंट आणि बोटीचा ट्रॅक. दोन, दर सेकंदाची जागा, वेळ आणि खोली. तीन, सोनारची पूर्ण फाइल, म्हणजे स्क्रीनवर सरकणारं सगळं चित्र, माशांच्या थव्यांसकट आणि असेल तर साइड स्कॅनसकट, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंच्या तळाच्या चित्रासकट. तुम्ही हंगामभर हा तिसरा प्रकार चालू ठेवला, म्हणून कार्ड भरलं. साइड स्कॅन चालू असेल तर तासाला शेकडो एमबी सहज जातात.

आता दुसऱ्या प्रकाराचा हिशेब बघा. यंत्रं एकमेकांशी बोलतात ती एनएमईए ०१८३ ची भाषा साध्या मजकुराची असते. जागेची ओळ साधारण ७० अक्षरांची, खोलीची २०. सेकंदाला ९० अक्षरं धरली तर आठ तासांत, म्हणजे २८,८०० सेकंदांत, अडीच एमबीच्या थोडं वर. रोज आठ तास, महिनाभर नोंदवलं तरी शंभर एमबी होत नाहीत. तळाचा नकाशा करायला लागतं ते एवढंच. म्हणून मी बोटींवर सरळ सांगतो: जागा-वेळ-खोलीची नोंद बंदर सोडल्यापासून बंदराला लागेपर्यंत कायम चालू. पूर्ण सोनार फाइल फक्त कारण असेल तेव्हा. नवीन जागेवर पहिल्यांदा ओढणार असाल, जाळं अडकलं तिथे परत जाऊन बघणार असाल, बुडालेल्या जहाजावरून जाणार असाल, तर दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा आणि बंद करा. त्या फाइलला लगेच नाव द्या. घरी येऊन नाव देऊ म्हटलं की कुठली फाइल कशाची ते आठवत नाही.

आता ट्रॉलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहुतेक बोटींच्या नोंदीत हीच नसते. जाळं बोटीखाली नसतं.

चाळीस मीटर पाण्यात जाळं ओढायची वायर २०० मीटर सोडली असेल तर बोर्ड, म्हणजे जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या, तुमच्या मागे साधारण १९५ मीटरवर आहेत, आणि जाळं त्यांच्याही मागे. तीन नॉटने ओढताय म्हणजे सेकंदाला दीड मीटर. तुमच्या ट्रान्सड्यूसरने, म्हणजे बोटीखालच्या आवाज सोडणाऱ्या-पकडणाऱ्या भागाने, जो तळ पाहिला, तिथे बोर्ड पोचायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. आता जाळं अडकतं. वायर कडक होते, इंजिनचा आवाज बदलतो, कुणीतरी ओरडतं आणि तांडेल प्लॉटरचं बटण दाबून पॉइंट मारतो. तो पॉइंट बोटीचा आहे. खडक दोनशे मीटर मागे आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही तो पॉइंट नीट टाळून बाजूने ओढता आणि त्याच खडकात पुन्हा जाळं फाडता. मग म्हणता, इथे दोन खडक आहेत. तुमच्या नकाशातला एक खडक दोन जागी दिसतो तो असाच तयार झाला असण्याची दाट शक्यता आहे.

उपाय सोपा आहे. अडकल्याक्षणी पॉइंट माराच, कारण वेळ नोंदली जाते. पण नावात वायरची लांबी घाला: अडक २००. मग जाळं सोडवायला विंचने वायर ओढत बोट मागे नेता, तेव्हा एक क्षण असा येतो की वायर जवळजवळ उभी होते. त्या क्षणी दुसरा पॉइंट मारा: उभी. हाच सगळ्यात खरा पॉइंट, कारण तेव्हा तुम्ही जवळजवळ अडथळ्याच्या डोक्यावर असता. हा दुसरा पॉइंट मिळाला नाही, वायर तुटली किंवा जाळं आपोआप सुटलं, तर घरी ट्रॅक उघडून अडकल्याच्या वेळेपासून दोन-सव्वादोन मिनिटं मागे जा, आणि तिथे पन्नास मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. प्रवाह आडवा असेल तर जाळं ट्रॅकच्या बाजूला सरकलेलं असतं, म्हणून वर्तुळ; टिंब नको.

मासळीच्या बाबतीतही हेच. अडीच तास ओढलेल्या जाळ्यात कोळंबी चांगली आली, तर ती कुठल्या पॉइंटवर आली हे कुणालाच सांगता येणार नाही. ती त्या पूर्ण ओढीची. म्हणून मासळीची नोंद पॉइंटवर न लिहिता ओढीवर लिहावी, आणि त्यासाठी वही लागते. प्लॉटर असूनही वही कशाला, असं तरुण पोरं विचारतात. ही अशी ओळ प्लॉटर लिहून देत नाही:

१४ नोव्हेंबर. सोडलं ०५:४०, उचललं ०८:१०. वायर २००. पाणी ३८ ते ४१. ओढ उत्तरेला, पाणी चढतं. तळ चिखल, शेवटी रेती. कोळंबी मध्यम, राणीमासा बरा, म्हाकूल थोडं. ०७:२५ ला उजवी वायर दोनदा हलली, अडकली नाही.

त्यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. वायर नुसती हलली ती जागा आज पॉइंट मारण्याइतकी मोठी वाटत नाही. पण तीन वेगळ्या ओढींत साधारण त्याच जागी वायर हलल्याचं दिसलं की तिथे काहीतरी आहे हे पक्कं समजा. वडिलांच्या डोक्यात असल्या शेकडो नोंदी आहेत. सोनारपेक्षा आधी त्या उतरवून घ्या. हंगाम बंद असताना संध्याकाळी प्लॉटर बॅटरीवर सुरू करून त्यांच्याशेजारी बसा आणि एकेक पॉइंटबद्दल विचारा.

आता खोली का जुळत नाही ते. तिथे चार वेगवेगळे फरक एकत्र मिसळलेत, ते सुटे केले पाहिजेत.

पहिला फरक मापाचा. वडील वावात बोलत असतील. सहा फुटी वाव धरला तर तो १.८३ मीटर, आणि प्लॉटरमधला फॅदम तेवढाच असतो. पण जुन्या माणसांनी दोरी हातांनी मोजलेली असते, दोन्ही हात पसरून एक वाव. माणूस बेताच्या उंचीचा असेल तर तो वाव साडेपाच फुटांचा भरतो. वीस वावांत हा फरक दहा फुटांचा, म्हणजे तीन मीटरचा होतो. वडिलांना हात पसरायला सांगून टेपने मोजा. त्यांच्या सांगण्यातली खोली त्या मापाने मीटरात करा आणि मग यंत्राशी ताडून बघा. एवढ्यानेच निम्मा वाद मिटलेला मी पाहिलाय.

दुसरा फरक ट्रान्सड्यूसरच्या जागेचा. तो पाण्याच्या पातळीखाली मीटर-सव्वा मीटरवर बसवलेला असतो आणि तिथून खाली मोजतो. सेटिंगमध्ये ऑफसेट असतो. त्यात अधिक आकडा घातला तर खोली पाण्याच्या पातळीपासून दिसते, उणे घातला तर बोटीच्या तळापासून खालचं पाणी दिसतं. बंदरात शिरताना काहींना दुसरा प्रकार सोयीचा वाटतो, म्हणून ते बदलतात आणि परत फिरवायचं राहून जातं. मग अर्ध्या हंगामाची नोंद एका पातळीवरून आणि अर्ध्याची दुसऱ्या. माझं सांगणं एकच आहे: नोंदीसाठी ऑफसेट पाण्याच्या पातळीचा ठेवा, केबिनमध्ये कागदावर तो आकडा आणि तारीख लिहून चिकटवा, आणि हंगामात हात लावू नका. बर्फ आणि डिझेल भरून निघालेली बोट आणि रिकामी होत आलेली बोट यांत थोडा फरक पडतो, पण या खोलीत तो सोडून द्या.

तिसरा फरक आवाजाच्या वेगाचा. यंत्र आवाज गेला आणि परत आला त्या वेळेवरून खोली काढतं, आणि बरीच यंत्रं पाण्यातला वेग सेकंदाला १५०० मीटर धरून चालतात. आपल्याकडच्या २८ अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात तो १५४० च्या आसपास असतो. म्हणजे यंत्र ४० मीटर दाखवतं तेव्हा पाणी ४१ मीटर असतं. आपल्या खोलीत हा फरक मीटरभराचा, आणि तो कायम एकाच बाजूला असतो. त्यामुळे नकाशा वेडावाकडा होत नाही, फक्त सगळा किंचित उथळ दिसतो. शांत पाण्यात, नांगर टाकून, दोरीला शिसं बांधून एकदा खोली मोजा आणि यंत्राच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. ही तपासणी दरवर्षी पहिल्या फेरीला करावी, कारण बोट वर काढून रंगवताना ट्रान्सड्यूसरवर रंगाचा जाड थर चढवलेला असतो किंवा तो हललेला असतो.

चौथा फरक भरती-ओहोटीचा, आणि नकाशा खऱ्या अर्थाने बिघडवतो तो हाच. मुंबई बंदरात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साडेतीन मीटरहून जास्त फरक असतो. आपल्याकडे दक्षिणेला तो कमी होत जातो, तरी उधाणाला दोन मीटरच्या आसपास धरायला हरकत नाही. भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराच्या दिवसांत, त्याहून कमी. एकाच जागेवरून सकाळी भरतीला गेलात आणि दुपारी ओहोटीला परत आलात, तर नोंदीत दोन मीटरचा खोटा उंचवटा तयार होतो. नकाशावर ट्रॅकच्या लांबीचे पट्टे दिसत असतील, म्हणजे शेजारशेजारच्या दोन रेघा खोल-उथळ, खोल-उथळ, तर ते तळाचे चढउतार नाहीत. ती भरती आहे.

दुरुस्तीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातून त्या वेळची पाण्याची उंची घ्यायची आणि मोजलेल्या खोलीतून वजा करायची. मग तुमची खोली त्याच पातळीवर येते, ज्या पातळीवरून छापील सागरी नकाशातली खोली दिलेली असते. ही पातळी फार खालच्या ओहोटीची असते, म्हणून नकाशातला आकडा प्रत्यक्ष पाण्यापेक्षा बहुतेक वेळा कमी असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण भलेभले इथे अडकतात. जीपीएसची नोंद जागतिक प्रमाणवेळेत होते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तक्ता आपल्या वेळेत असतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर जातात. म्हणजे वेळ न बदलता तक्ता लावलात, तर भरतीच्या वेळेला जवळजवळ ओहोटीचा आकडा लागतो आणि ओहोटीला भरतीचा. समजा एका जागेची खरी खोली २० मीटर. भरतीला वर २.२ मीटर पाणी, म्हणून नोंद २२.२. ओहोटीला ०.३, म्हणून नोंद २०.३. दोन नोंदींत फरक १.९ मीटर. आता उलटी दुरुस्ती केली: २२.२ मधून ०.३ गेले, राहिले २१.९. २०.३ मधून २.२ गेले, राहिले १८.१. फरक झाला ३.८. दुरुस्ती करून चूक दुप्पट झाली. दुरुस्तीनंतर पट्टे आणखी ठळक झाले, तर सगळ्यात आधी वेळ तपासा. काही प्लॉटर भरतीची दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. तुमचा करतो का हे कळायला एकाच पॉइंटवरून उधाणाच्या भरतीला आणि ओहोटीला जा. नकाशातला आकडा तोच राहिला तर करतो. करत असेल तर हाताने पुन्हा करू नका.

आता खडक दोन जागी का दिसतो ते पाहू. वायरचं कारण वर सांगितलं. आणखी तीन कारणं असतात.

एक, जीपीएसचा अँटेना केबिनच्या छतावर आणि ट्रान्सड्यूसर बोटीच्या दुसऱ्या भागात. पंचेचाळीस फुटी बोटीत हे अंतर सहज पाच-सहा मीटर होतं. शिवाय यंत्र खोलीचा आकडा थोडा घोटवून, एक-दोन सेकंद उशिरा देतं. आठ नॉटला बोट सेकंदाला चार मीटर जाते. म्हणजे उत्तरेला जाताना खडक उत्तरेला सरकतो आणि दक्षिणेला जाताना दक्षिणेला. तपासायचं कसं? ठळक खुणेवरून एकाच वेगाने दोन उलट दिशांनी जा. दोन जागांमधलं जे अंतर येईल त्याच्या निम्मा तुमचा सरक. दोन दिशांचे खडक वीस-पंचवीस मीटरच्या आत असतील तर हेच कारण, काळजी नको.

दोन, अंश-मिनिटांची लिहिण्याची पद्धत. अंतर पाच-सहाशे मीटरचं असेल तर नव्वद टक्के इथेच बघा. वडिलांच्या जुन्या वहीत १७ अंश ०२.५० असं लिहिलेलं असतं. त्यातले पन्नास म्हणजे मिनिटाचे शंभरापैकी पन्नास भाग, अर्धं मिनिट. ५० सेकंद नव्हेत. ते सेकंद समजून प्लॉटरला दिले तर अर्ध्या मिनिटाच्या जागी पाऊण मिनिटाहून जास्त होतं, आणि पॉइंट सहाशे मीटरहून थोडा जास्त उत्तरेला जाऊन पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, हे लक्षात असलं की असली चूक लगेच ओळखू येते. प्लॉटरमध्ये जागेची पद्धत अंश आणि दशांश मिनिटं अशी ठेवा, नकाशाचा आधार (डेटम) डब्ल्यूजीएस-८४, म्हणजे जीपीएस वापरतं तोच ठेवा, आणि फोनमधल्या ॲपलाही तीच पद्धत लावा.

तीन, आवाजाचा झोत. तो बॅटरीच्या उजेडासारखा खाली पसरत जातो. ५० किलोहर्ट्झचा झोत चाळीस अंशांचा धरला तर चाळीस मीटर खाली २९ मीटर रुंदीचं वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळात जे सगळ्यात जवळ असेल त्याचा आकडा यंत्र देतं. २०० किलोहर्ट्झचा झोत बारा अंशांचा धरला तर वर्तुळ साडेआठ मीटरचं. म्हणून रुंद झोतात खडक तुम्ही त्याच्यावर जाण्याआधीच दिसायला लागतो, जाडा दिसतो, आणि कडा उतरती दिसते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर आंग्रिया बँकेचा पोवळ्यांचा पठारी तळ आहे. अशा जागी कडेवरून जाताना रुंद झोत उतार खरा आहे त्यापेक्षा उथळ आणि लांब दाखवतो. नकाशासाठी नोंद नेहमी एकाच फ्रीक्वेन्सीवर करा, आपल्या पाण्यात २०० वर.

त्या २०० च्या बाबतीत नदीच्या तोंडाशी एक वेगळी अडचण येते. तिथे पातळ चिखलाचा थर असतो. २०० किलोहर्ट्झ त्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येतो, ५० किलोहर्ट्झ त्यातून आत शिरून खालच्या घट्ट तळावरून. दोन्ही चालू ठेवून पाहिलं तर दोन रेघा दिसतात. खालच्या रेघेवर विसंबून आत शिरू नका, आणि नकाशात दोन्ही फ्रीक्वेन्सींचे आकडे मिसळू नका. उलट तळ कसा आहे हे ओळखायला हाच फरक कामाला येतो. कडक तळ असला की रेघ बारीक, ठळक, आणि दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी रेघ उमटते. चिखल असला की रेघ जाड आणि पुसट शेपटीची, दुसरी रेघ दिसत नाही. पण त्यासाठी गेन, म्हणजे परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते सेटिंग, हाताने एका जागी ठेवावा लागतो. ऑटोवर यंत्र स्वतःच गेन कमी-जास्त करतं, मग आजचा चिखल आणि उद्याची रेती सारखीच दिसते.

नोंदीतून काय काढून टाकायचं, तेही सांगतो. लाटेवर बोट आपटताना तळाखाली हवेचे बुडबुडे येतात, मागे घेताना पंख्याचं फेसाळ पाणी ट्रान्सड्यूसरखाली येतं; तेव्हा एक-दोन मीटरचे खोटे आकडे येतात. शेजारी तीच फ्रीक्वेन्सी वापरणारी बोट असेल तर तिरप्या रेघा येतात. माशांचा दाट थवा कधी कधी तळ समजला जातो. आजूबाजूच्या आकड्यांशी एका सेकंदात पाच मीटरची उडी असेल आणि लगेच परत खाली आली असेल, तर तो आकडा काढा. उडी दहा-पंधरा सेकंद टिकली असेल तर मात्र हात लावू नका, तो खडक असू शकतो. शंका आली की काढण्यापेक्षा ठेवणं बरं.

आता कार्ड. ३२ जीबीचं, चांगल्या कंपनीचं, आणि अशी दोन. जुन्या यंत्रांना याहून मोठं कार्ड वाचता येत नाही, आणि अशी कार्डं ज्या एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट होतात तिच्यात एकाच फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. फॉरमॅट प्लॉटरमध्येच करा. तुमच्या फाइली उघडत नाहीत याचं कारण बहुतेक कार्डात नसून विजेत आहे. इंजिनला सेल्फ मारला की बॅटरीचा दाब खाली जातो, प्लॉटर बंद होऊन परत चालू होतो आणि लिहीत असलेली फाइल अर्धवट राहते. प्लॉटरला वेगळी बॅटरी द्या, आणि इंजिन बंद-चालू करण्याआधी रेकॉर्डिंग थांबवायची सवय लावा. तुटलेल्या फाइलींच्या कार्डावर नवीन काही लिहू नका; आधी पूर्ण कार्डाची नक्कल लॅपटॉपवर घ्या. काही सॉफ्टवेअर अर्धवट फाइलही वाचतात. यापुढे एकेका ओढीची वेगळी फाइल करा म्हणजे बिघडली तरी एकच जाईल. नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग ओढीचा क्रमांक, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. नाव इंग्रजी अक्षरांत, कारण बऱ्याच प्लॉटरांना देवनागरी वाचता येत नाही. फेरीहून आल्यावर मासळी उतरली की त्याच दिवशी दोन नकला: एक लॅपटॉपवर, एक घरातल्या वेगळ्या डिस्कवर. कार्ड खाऱ्या हाताने काढू नका, आणि खाचेचं रबरी झाकण नीट बसतंय ना ते बघा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पैसे घालण्याआधी फुकटातलं वापरा. ओपनसीपीएन लॅपटॉपवर चालतं, प्लॉटरमधून आलेली एनएमईए नोंद त्यात साठवता येते, पॉइंट जीपीएक्स फाइलमधून (पॉइंट आणि ट्रॅक ठेवायची सर्वसाधारण पद्धत) आत-बाहेर करता येतात. नकाशा काढायला क्यूजीआयएस पुरतं: जागा, वेळ, खोली, भरती, दुरुस्त खोली असे पाच रकाने करून त्यात घाला. पूर्ण सोनार फाइली जोडून चित्र लावायचं असेल तर रीफमास्टरसारखं विकतचं घ्यायचा विचार करा, तेही तुमच्या कंपनीची फाइल ते वाचतं की नाही याची खात्री करून. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका. दुरुस्ती नेहमी नकलेवर.

नकाशा काढताना एक मोह टाळा. तुमच्या दोन ट्रॅकमध्ये दीडशे मीटर अंतर असेल तर मधली जागा कुणीच मोजलेली नाही. सॉफ्टवेअर ती जागा दोन्हीकडच्या आकड्यांवरून गुळगुळीत भरून देतं, आणि दिसायला नकाशा सुंदर होतो. जाळं फाडणारा खडक नेमका त्या भरलेल्या भागात असतो. ट्रॅकपासून वीस-तीस मीटरच्या पलीकडची जागा कोरी ठेवा. कोरं दिसलं की तांडेल सांभाळून जातो.

शेअर करण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्लॉटर विचारेल. नकाशा कंपनीच्या क्लाउडवर पाठवू का, असा पर्याय बऱ्याच यंत्रांत असतो. तो बंद ठेवा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भारतीय सागरी हद्दीतलं सर्वेक्षण भारतीयांनीच करायचं आहे आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अचूक माहिती देशातच साठवायची आहे. परदेशी सर्व्हरवर आपले आकडे टाकायचं कारण नाही. मासळीच्या जागा तुमच्या घरच्या, त्या सांगा किंवा सांगू नका. अडकीचे पॉइंट मात्र बंदरातल्या बाकीच्या बोटींना जीपीएक्समध्ये जरूर द्या. एका बोटीचं जाळं तिथे अडकून राहिलं की तो अडथळा सगळ्यांसाठी मोठा होतो. आणि बंदरात शिरण्यासाठी, रात्रीच्या वाटेसाठी आधार देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशाचाच ठेवा. तुमचा नकाशा जाळं कुठे ओढायचं ते ठरवण्यापुरता.

आता लगेच करायचं ते क्रमाने सांगतो. कार्डाची नक्कल घ्या. ऑफसेट, एकक आणि अंश-मिनिटांची पद्धत काय लावली आहे ते लिहून काढा. वडिलांचा वाव मोजा. त्या दोन खडकांमधलं अंतर प्लॉटरवर मोजा: पंचवीस मीटरच्या आत असेल तर दिशेचा सरक, दोनशेच्या आसपास असेल तर वायर, सहाशेच्या आसपास असेल तर वहीतली मिनिटं. या तिन्हींत बसलं नाही तर दोन्ही पॉइंटच्या वेळा, त्या वेळची बोटीची दिशा आणि सोडलेल्या वायरची लांबी मला कळवा. पॉइंटची जागा कळवू नका, ती मला लागणार नाही.